नमुना नंबर आठ

आमची ग्रामपंचायत बुडाली त्या दिवशी
पाणी आलं होतं.
आठवतं, कारण चावी माझ्याच हातात होती,
साडेचार फुटी, लोखंडी,
आणि खड्ड्यात वाकून मी व्हॉल्व्ह फिरवत होतो
तेव्हा मैनोद्दीन सायकलवरून ओरडत आला :
"चल बे, शेवटची सभा हाय. चहा हाय."

सरपंच शरणप्पा तोळणूरे, ग्रामसेवक, सात सदस्य,
आणि दारात
मांडीवर सूप घेऊन बसलेल्या विडीवाल्या बायका,
बोटं चालूच.
विषय एक : मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.
केलं.
विषय दोन : टीसीएल पावडरीचं बिल.
मंजूर.
विषय तीन : यल्लव्वाच्या बोळात खांबावर दिवा.
यावर बरीच चर्चा झाली.
तेलुगूत झाली, कानडीत झाली, उर्दूत हसणं झालं,
भांडण तेवढं मराठीत,
आणि लिहिलं गेलंही मराठीत, एका ओळीत :
'पुढील सभेत विचार करण्यात यावा.'

पुढची सभा नव्हती.
सगळ्यांना माहीत होतं.
ग्रामसेवकानं तरी लिहिलं,
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सोलापुरात.
म्हणजे घर तिथंच, लिंब तिथंच,
माग तिथंच खटखटत,
फक्त पत्ता : हद्दवाढ भाग.
पेठेतले लोक विचारायचे, कुठं राहूलालास बे?
हद्दवाढीत, म्हणायचो,
जसं कुणी सांगावं, माझं नाव इत्यादी.

दफ्तर न्यायला टेम्पो आला.
जन्म नेले, मृत्यू नेले, पाणीपट्टी नेली,
कोंडवाड्याचं पावतीपुस्तकही नेलं
ज्यात शेवटची पावती एका गाढवाची होती.
नमुना नंबर आठ तेवढा राहिला.
चोरला नाही मी.
त्यावर चहाची किटली होती,
कुणी उचलली नाही.

तीस वर्षं तो माझ्या पत्र्याच्या पेटीत.
तोवर मी महापालिकेचा झालो. चावी तीच.
पाणी दिवसाआडचं तीन दिवसांआड, मग पाच,
आणि बायका मला तीन भाषांत शिव्या देऊ लागल्या.
मला तिन्ही कळतात,
ही अडचण.

परवा राजमणी येमूल आली.
तिच्या आईच्या घरावर नोटीस :
मोकळी जागा, विनापरवाना बांधकाम.
"मोकळी कशी काय की," ती म्हणाली,
"मी तिथंच जन्मले नव्हं?"

पेटी उघडली. झुरळं पळाली.
पान सत्तेचाळीस :
'येमूल अंबुबाई नरसय्या.
मातीच्या भिंती, वर पत्रा. अठरा बाय अकरा.
हातमाग एक. लिंब एक.
घरपट्टी सात रुपये. पैकी बाकी तीन.'

वाचता येत नव्हतं तिला,
तरी बोट ओळीवरून नेलं, मागं आणलं.
तंबाखूचा वास पानाला लागला.

झोन ऑफिसातला पोरगा चांगला होता,
खोटं कशाला बोलू.
खुर्ची दिली तिला. टाइप करत गेला :
नाव, लांबी, रुंदी, भिंत.
मग थांबला.
"काका, लिंबाला रकाना नाही."
"शेऱ्यात लिही."
"शेऱ्यात वीसच अक्षरं बसतात, ती भरली."
राजमणी म्हणाली, "ऱ्हाऊ दे.
दोन वर्षं झाली वाळून."
स्क्रीनवर आलं : विचाराधीन.

बाहेर उन्हात तिनं कमरेची पिशवी सोडली.
"बाकी हाय न्हवं आमची?"
अगं, पंचायतच नाही, कुणाला भरतीस, मी म्हटलं.
"तुझ्याकडं वही हाय ना?"

मग तिथंच, पायरीवर, वही गुडघ्यावर घेऊन
मी 'तीन' वर रेघ मारली
आणि ग्रामसेवक लिहायचा तसं, जरा तिरकं,
लिहिलं : निरंक.
फुंकर घातली. बॉलपेन होतं, तरी घातली.

पहाटे तीनला यल्लव्वाच्या बोळाचं पाणी.
खांब आहे, अंधार आहे,
कुणीतरी घरातून वायर ओढून बल्ब टांगलाय,
तो वाऱ्यात हलतो.
मी वाकतो, चावी लावतो,
आणि वरच्या खिशातले तीन रुपये
लोखंडावर वाजतात.